आपलं ते कार्टं

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं सगळं जग म्हणतं. कडावजवळच्या आमच्या घरात ही म्हण उलटी चालायची. आपलं ते कार्टं आणि दुसऱ्याचा तो बाब्या. माझ्या नावापुढे काहीतरी जोडल्याशिवाय आईला चैन पडायची नाही. उंडगी, शेंबडी, आळशांची राणी. शाळेत कवितापाठात माझा पहिला नंबर आला तेव्हा शेजारच्या बाईने अंगणातून विचारलं, "पोरीनं नंबर काढला म्हनं?" आई गोठ्यात शेण भरत होती. वर न बघता म्हणाली, "काढला असंल. घरात खायला काळ नि भुईला भार हाय ती." मी बक्षिसाची स्टीलची वाटी हातात धरून तिथेच उभी होते. मला राग फार लवकर येतो, तेव्हाही यायचा. ती वाटी मी उकिरड्यावर भिरकावली. त्याबद्दल मार खाल्ला तो वेगळा.

त्याच घरात भिंतीपलीकडे माझ्या काकीची, म्हणजे चुलतीची चूल होती. वाटी उकिरड्यावरून उचलून आणली ती काकीने. घासली, पदराला पुसली आणि माझा हात धरून मला अख्ख्या आळीतून फिरवून आणलं. "बगा, माझी बाय पयली आली." ज्या घरी चहा मिळाला तिथे बसून तिने माझ्याकडून कविता म्हणवून घेतली. काकीचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याला माझी आई म्हणायची, "माझा वाघ तो." सायीची वाटी त्याला, खरवडलेलं पातेलं मला. मी पोरवयातच हिशेब लावून टाकला की आईला मुलगा हवा होता आणि मी नको होते. पुढे काकांना खालापूरकडच्या कारखान्यात नोकरी लागली, काका-काकी बिऱ्हाड घेऊन तिकडे गेले. घरात आता मला फक्त उंडगी म्हणणारी बाई उरली. मग तर माझी खात्रीच पटली.

माणूस मानसशास्त्राकडे का वळतो, याची पुस्तकी उत्तरं पुष्कळ आहेत. मी वळले, कारण मला आईवर खटला भरायचा होता. गावात लोक म्हणाले, वेड्यांची डॉक्टर होणार. आई म्हणाली, "आदी सोताचं डोकं तपासून घे म्हनावं." मी शिकत गेले. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या कानावर काय पडतं, त्याच्याकडे कोण बघतं, त्याने काही करून दाखवलं की कोण हसतं, यावर पुढचं किती काही उभं राहतं ते वाचत गेले. प्रत्येक पानावर मला आमचा गोठा आणि आईची पाठ दिसायची.

मग काम मिळालं. आमच्या मॅडम मोठ्या अभ्यासक, बोलायला कडक, कामाला त्याहून कडक. विषय साधा होता: तीन वर्षांच्या आतल्या मुलांशी घरातली माणसं कशी बोलतात आणि त्याचा मुलांवर काय परिणाम होतो. शहराबाहेरचा भाग हवा होता. मी हात वर केला. कर्जत आणि खालापूर, माझा मुलूख, मी करते. छाती फुगवूनच केला होता तो हात वर.

पद्धत अशी की घरात एक सतरंजी अंथरायची, तिच्यावर खेळणी ठेवायची, आई आणि मूल बसवायचं, बाकीच्यांना बाहेर पाठवायचं, आणि कॅमेरा चालू करून आपणही बाहेर जायचं. बाकीच्यांना बाहेर पाठवायचं, हे ज्याने लिहिलं तो आमच्या गावात कधी पाहुणा म्हणूनही आला नसावा. आजी खिडकीत यायची. जाऊ दारात यायची. शेजारीण साखर मागायच्या निमित्ताने यायची आणि साखर न घेता उभी राहायची. मी त्यांना हाकलण्यात पटाईत झाले. "काकी, जरा अंगणात बसा ना. आजी, तुमी पण." लोक जायचे, पण माझ्याकडे बघत जायचे, की ही आपल्याच गावची पोर ना, मग हिला कसला रोग झालाय.

आणि आत काय व्हायचं? मूल खेळण्यातली रिंग काडीत घालायचं, आईकडे बघायचं. आई म्हणायची, "घातली एकदाची. बाकी काय येत नाय." मूल ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचं. "पाडशील आता, येड्या." घरामागून घर, हेच. एकदा मी कॅमेरा बंद करताना न राहवून म्हणाले, किती गोड आहे हो तुमची मुलगी, तर त्या बाईचा चेहराच बदलला. तिने पोरीला पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "कसली गोड, दिसभर नाक गळतंय."

ही चित्रणं शहरात गेली. तिथे विद्यार्थी बसून प्रत्येक वाक्य ऐकायचे आणि ते कौतुकात टाकायचं, सूचनेत टाकायचं की टाकून बोलण्यात, ते ठरवायचे. भली पोरं होती, इमानदारीने करत होती. त्यांनी ऐकलं ते त्यांनी मांडलं. मॅडमनी मला बोलावलं आणि पडद्यावर आलेख दाखवला. कौतुकाचा खांब जवळजवळ नव्हताच. टाकून बोलण्याचा खांब उंच. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या भागातल्या आया मुलांशी कोरड्या वागतात. वाईट वाटून घेऊ नकोस. यावर आपल्याला काम करता येईल." काम म्हणजे असं की या अहवालावरून एक कार्यक्रम आखायचा, आणि शिकवून तयार केलेल्या बाया गावोगाव जाऊन आयांना मुलांवर माया कशी करायची ते शिकवणार.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. ज्या खटल्यासाठी मी एवढी शिकले, त्याचा निकाल माझ्या बाजूने लागला होता. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या बायांना माया शिकवायला कोण येणार? लावणीत पाठीला पोर बांधून चिखलात वाकणाऱ्या बाईला? मी तिथेच बोलले, नको तितकं बोलले. म्हटलं, हे खोटं आहे. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काय खोटं आहे ते दाखव. वाक्यं खोटी आहेत का?" वाक्यं खरीच होती. "तू तिथली आहेस म्हणून तुला टोचतंय. टोचणं हा पुरावा नसतो." मग त्यांनी मुदत दिली. डिसेंबर उजाडेपर्यंत काही वेगळं सापडलं तर आण, नाहीतर अहवाल असाच जाईल, आणि त्यावर तुझंही नाव असेल. माझ्या नावाने माझ्या गावाला कोरडं म्हटलं जाणार होतं, आणि ते पुसायला पुन्हा कुणी येणार नव्हतं.

मी तणतणत घरी आले. आई म्हशीची धार काढत होती. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, निदान ती तरी चिडेल. ती म्हणाली, "मंग खोटं काय लिवलंय? नाय करत आमी कौतुक." मी म्हटलं, "अगं, पण ते लिहितील की तुमची माया नाही." ती म्हणाली, "लिवू दे. लिवल्यानं काय म्हैस आटते?" अशा बाईपुढे डोकं आपटण्यात अर्थ नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी.

पण रागाचा मला एक फायदा होतो. रागात मी काम चांगलं करते. सतरंजी गुंडाळून ठेवली. ठरवलं, की आई काय बोलते ते मोजायचं नाही. मुलाच्या कानावर दिवसभर काय पडतं ते मोजायचं, कुणाच्याही तोंडून पडो. मॅडमकडून छोटी ध्वनिमुद्रणाची यंत्रं मागवली, काडेपेटीएवढी. ती मुलाच्या अंगावरच ठेवायची. त्यासाठी झबल्यांना छातीवर खिसे हवे होते. आई शिलाई मशीनवर बसली. "एवढ्याशा पोराला खिसा कशाला, त्यो काय त्यात बिड्या ठेवनार हाय?" असं म्हणत तिने खिसे शिवले, वर बटणाची पट्टी लावली, आणि कापड काखेत टोचायला नको म्हणून शिवण आतून दुमडून घेतली. ते मी तिला सांगितलं नव्हतं.

घराघरात जाऊन समजावलं, की हे दिवसभर ऐकणार आहे, नको असेल ते मला सांगा, मी पुसून टाकीन. पहिले काही दिवस फुकट गेले. आज्या यंत्राशीच बोलायच्या: "ऐकतेस ना गं बाय? चा प्यायला ये." एका घरात मुलाला दिवसभर पाढे ऐकवले. एका पोराने यंत्र काढून गव्हाणीत टाकलं, आणि मला दुपारभर म्हशीचं रवंथ ऐकायला मिळालं. ती म्हैस तेवढी कुणाला टाकून बोलली नाही. मग भात कापायला आलं, लोक कामाला लागले, आणि खिशातल्या यंत्राचा सगळ्यांना विसर पडला. मला हेच हवं होतं.

एका घरात दोन जावा होत्या. दोघींचीही मुलं दोन वर्षांच्या आसपासची, थोरलीचा मुलगा, धाकटीची मुलगी. दोघांच्याही अंगावर आईने शिवलेली झबली. मी आमच्या ओटीवर बसून कानाला हेडफोन लावून ऐकत होते. खळ्यावर झोडणी चालली होती. भाऱ्यांचे धपाधप आवाज येत होते. थोरलीच्या पोराने पेंढ्याची एक जुडी उचलून आणली असावी, कारण त्याचा फुसफुस श्वास ऐकू येत होता. थोरली म्हणाली, "ठेव तिथं. मोठा आला कामाचा." हे मी सतरंजीवर शंभरदा ऐकलं होतं, मी पुढे सरकवणार होते. तेवढ्यात धाकटीचा आवाज आला. "अगं वैनी, बग तरी, केवढं उचललंय त्यानं. वाघ हाय माझा वाघ. ये रं राजा, आन हिकडं." पोर खदखदून हसलं, आणि पावलांचा आवाज, आणि दुसरी जुडी.

मी सरळ बसले. त्याच दिवसाचं दुसरं यंत्र लावलं, धाकटीच्या मुलीचं. ती शेंगा सोलत होती की काय कोण जाणे. धाकटी, तीच मघाची कौतुक करणारी, आपल्या पोरीला म्हणाली, "सगळं सांडतेस गं, भवाने." आणि थोरली, तीच मघाची कोरडी, म्हणाली, "सांडू दे. एवढ्याशा बोटांनी सोलते, माझी गुनाची बाय ती. आईपेक्षा बरी हाय." दोघी हसल्या. पोर "आनी, आनी" म्हणत होतं, म्हणजे आणखी शेंगा दे.

मी हेडफोन काढले. मला काकी आठवली आणि तिच्या हातातली ती घासलेली वाटी आठवली. आई परड्यात कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, "आई, काकीच्या पोराला तू वाघ का म्हणायचीस गं?" आई म्हणाली, "मंग काय म्हनू? त्यो काय माझा पोर होता शेंबडा म्हनायला?" मी म्हटलं, "आणि मला?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकून हिला हे कळत नाही. "तुला काकी होती ना," ती म्हणाली. "आपल्या पोराला आपनच चांगलं म्हनायचं, मंग लोकांनी काय म्हनायचं? नजर लागते ती येगळीच." आणि चिमटे लावायला गेली.

तुला काकी होती ना. म्हणजे आईने एक अर्धा भाग सांभाळला होता आणि दुसरा अर्धा काकीने, आणि काकीच्या पोराच्या बाबतीत उलट. मी ज्याला माया नाही म्हणत होते ती वाटून दिलेली माया होती. आणि माझी अक्कल बघा, सतरंजीच्या वेळी कौतुक करणाऱ्या सगळ्या बायांना मी स्वतःच्या तोंडाने अंगणात पाठवलं होतं.

त्यानंतर मी भूत लागल्यासारखं काम केलं. खालापूरकडच्या गावांत गेले, तिथे काकीकडे मुक्काम टाकला. काकीने तिथल्या चार बायांना सांगून ठेवलं होतं की आमची पोर फार मोठ्या पदावर आहे, जे काही खरं नव्हतं. भिवपुरीला वीजघराच्या क्वार्टर्समध्ये गेले. तिथे जावा नव्हत्या, निरनिराळ्या जिल्ह्यांतून नोकरीला आलेली माणसं होती, पण जिन्यात उभ्या राहून शेजारणी तेच करत होत्या. हिने आपल्या पोराला नावं ठेवायची, तिने त्याला उचलून धरायचं. पुन्हा आलेख काढला, या वेळी सगळ्या घराचा. कौतुकाचा खांब असा वर चढला की मी खोलीत एकटीच हसले. शिवाय आईने टाकून बोलल्यावर पुढच्या क्षणी मूल काय करतं तेही पाहिलं. बहुतेक वेळा ते दुसऱ्या आवाजाकडे वळायचं. त्याला पक्कं माहीत असायचं की पुढचं वाक्य कुठून येणार आहे.

माझा रुबाब तेव्हा बघण्यासारखा होता. मॅडमना फोन करून सांगायचं वाक्यसुद्धा मी पाठ करून ठेवलं होतं. आणि मग पळसदरीचं घर आलं.

पळसदरीला धरणाच्या अंगाला शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांचे बंगले आहेत. त्यातल्या एकाची राखण करणारं नवरा-बायको, आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी. डोंगराकडच्या गावातून आलेली माणसं. नवरा दिवसभर बागेत आणि सामान आणण्यात, बायको झाडलोटीत. आठवडाभर गेट बंद. बाई गोड होती, मला बसायला स्वतःची चटई दिली. यंत्र ठेवून मी गेले आणि दुसऱ्या दिवशी घेऊन आले.

ऐकायला बसले. बराच वेळ पंपाचा आवाज, घाटात चढणाऱ्या गाडीचा आवाज, झाडूचा आवाज. मग मुलगी तांब्यातून पाणी घेऊन आली असावी, भांडं आपटल्याचं ऐकू आलं. आई म्हणाली, "सांडलंस ना. ठेव तिथं. काय येत नाय तुला." सूर मायेचाच होता, तो मी आता ओळखायला शिकले होते. मी दुसऱ्या आवाजाची वाट बघू लागले. आता येईल. कुणीतरी म्हणेल, एवढीशी पोर आणि पाणी आणते. पंप चालू होता. मुलगी काहीतरी पुटपुटली. पंप चालूच राहिला. दुसरा आवाज आलाच नाही. दिवसभरात कधीच आला नाही, कारण त्या बंद गेटच्या आत दुसरं कुणी नव्हतंच. त्या बाईने आपला अर्धा भाग रीतीप्रमाणे चोख पार पाडला होता. दुसरा अर्धा तिच्या गावी राहिला होता, डोंगरावर, तिच्या जावांच्या आणि नणंदांच्या तोंडात.

मला रडू आलं, ते त्या पोरीसाठी आणि खोटं कशाला सांगू, काकी खालापूरला गेल्यानंतरच्या माझ्यासाठीही. मग मोह झाला. हे एक घर बाजूला ठेवलं तर? माझं गाव निर्दोष सुटत होतं. पण मी शोधायला गेले तर अशी घरं आणखी निघाली. जमीन विकून रस्त्याकडेला दोन खोल्यांत राहायला आलेली, कारखान्याजवळ भाड्याने राहणारी. रीत तीच होती, माणसं उरली नव्हती. तिथल्या मुलांची बोलण्याची घाई कमी होती, काही करून दाखवण्याची तर फारच कमी. कोरडी आई, हे मॅडमचं म्हणणं चूक होतं. पण मूल तहानलेलं आहे, ही त्यामागची त्यांची काळजी काही घरांत खरी होती. मी दोन्ही लिहिलं. पळसदरीचं घर सगळ्यात आधी लिहिलं. शेवटी लिहिलं, की या आयांना माया शिकवू नका, त्यांना शेजार द्या.

मॅडमनी अहवाल वाचायला आठवडा घेतला. मी नखं खाल्ली. मग त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "सतरंजीची पद्धत मी इतकी वर्षं वापरते आहे. बाहेर कोण उभं आहे, हे मी कधी विचारलं नाही." मग म्हणाल्या, "अहवाल तुझा जाईल, जसा आहे तसा. तुझं नाव आधी." कार्यक्रम बदलला. शिकवणाऱ्या बाया रद्द झाल्या. त्याऐवजी अशा एकट्या पडलेल्या घरांतल्या आयांनी आठवड्यातून एकदा मुलं घेऊन एका ठिकाणी जमायचं, एवढंच ठरलं. मला स्वतःचा अभिमान वाटला. आमच्या रीतीत बसत नाही, तरी लिहिते. लागली नजर तर लागू दे.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "झालं एकदाचं." थोड्या वेळाने म्हणाली, "त्या पळसदरीच्या पोरीकडं आता कोन जातं?" मी म्हटलं, जमण्याचं अजून सुरू व्हायचंय, मी उद्या त्यांना काय निघालं ते सांगायला जाणार आहे. आई म्हणाली, "मी बी येते." दुसरी म्हैस नुकतीच व्याली होती. आईने खरवसाचा डबा घेतला, चांगलं लुगडं नेसली आणि माझ्या स्कूटीवर मागे बसून, मी किती वाईट चालवते ते पळसदरीपर्यंत सांगत आली.

गेटपाशी त्या बाईने आम्हाला आत घेतलं. आई चटईवर बसली. तिचं गाव कोणतं, माहेर कुठलं, या चौकशा झाल्या. मुलगी खांबाआड उभी राहून बघत होती. मग आत गेली आणि दोन्ही हातांनी तांब्या धरून आली. निम्मं पाणी वाटेत सांडलं. तिची आई म्हणाली, "सांडलंस ना. कायपन करते ही."

आणि माझी आई पुढे वाकली. "अगं माझी बाय ती," ती म्हणाली. "म्हातारीला पानी आनलंस? एवढ्याशा हातांनी? असली गुनाची पोर मी अख्ख्या कर्जतात बगितली नाय." काकी खालापूरला गेल्यापासून हा आवाज मी आईच्या गळ्यातून ऐकला नव्हता. मला वाटत होतं तो गेला. मुलगी तिच्याकडे बघत राहिली. तांब्या आईच्या हातात दिला आणि वळून पुन्हा पाणी आणायला धावली.

"कसलं काय मावशी," तिची आई म्हणाली, "दिसभर नुसती उंडारते." पण बोलताना तिचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. "उंडारू दे," आई म्हणाली. "चालते बग कशी, पाटलीनबाईसारखी. हिला कायतरी मोठं व्हायचं हाय." त्या बाईने आणखी एक खोड सांगितली. आईने ती परतवली. तिने आणखी एक सांगितली. मला तेव्हा समजलं की ही नावं ठेवत नव्हती, मागत होती. एक खोड पुढे करायची आणि एक कौतुक घ्यायचं. किती दिवसांची भूक होती कोण जाणे, ती थांबतच नव्हती, आणि आई तिला पुरून उरत होती.

मग त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. फेड करायची वेळ आली होती आणि तिला ते कुणी शिकवायला नको होतं. "तुमची बी पोर केवढी शिकलेली मावशी," ती म्हणाली. "एवढी मोठी झाली, तरी आमच्यासंगं भुईवर बसते. मला तर भनीसारखी वाटली."

"ही?" आई म्हणाली, आणि तिने पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि मांडी नीट घालून बसली. "हिचं काय सांगू तुला. आळशी. तोंडाची फटकळ. भाकरी थापायला बसवली तर नकाशा करते."

"पन सबाव किती चांगला," ती बाई म्हणाली.

"राग बग नाकावर. कुनाचं कदी ऐकलं नाय."

"हुशार मानसाला येतोच मावशी राग."

आई सांगत गेली. माझी एकेक खोड ती काढून त्या बाईपुढे ठेवत होती, आणि प्रत्येकीनंतर जराशी थांबत होती. मी मान खाली घालून बसले होते. मान वर केली असती तर तिचा चेहरा दिसला असता, आणि तो बघून मी तिथेच रडले असते. माझ्या आईचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मुलगी दुसरा तांब्या घेऊन आली, तो माझ्यासाठी होता. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि त्या दोघींचं बोलणं संपेपर्यंत घोट घोट पीत राहिले.